दर यादीत, घासाघीस दर्जात: जुन्या अमेरिकी कॉमिक्सचा बाजार

१९७० साली अमेरिकेत निघालेल्या एका किंमतपुस्तकात ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या उत्तम प्रतीची किंमत ३०० डॉलर दिली होती. हा जून १९३८ चा अंक, सुपरमॅन यातच पहिल्यांदा दिसला. एप्रिल २०२४ मध्ये याच अंकाची एक प्रत लिलावात ६० लाख डॉलरना गेली. छापील किंमत होती दहा सेंट. हे आकडे एकाखाली एक मांडून ‘बघा, पन्नास वर्षांत वीस हजार पट!’ असं सांगणारे बरेच भेटतात.

गुणाकार बरोबर आहे, तुलना मात्र फसवी आहे. १९७० चे ३०० डॉलर म्हणजे आजचे सुमारे २,४०० डॉलर, हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरी गोम पुढे आहे. ते ३०० डॉलर कोणत्याही एका प्रतीचे नव्हते. ‘अशा अवस्थेतली प्रत मिळाली तर साधारण इतके’ असा तो अंदाज होता. ६० लाख मात्र एका ठरावीक प्रतीला, एका ठरावीक दिवशी, एका गिऱ्हाइकाने खरोखर मोजलेले. त्या प्रतीबरोबर दहापैकी साडेआठ गुणांचा दाखला होता आणि १९७० साली असा दाखला देणारं कुणी नव्हतंच. जुन्या कॉमिक्सच्या बाजारात किंमत एकटी कधीच बोलत नाही. तिच्या शेजारी लिहिलेला दर्जा आणि त्या वर्षी त्या दर्जाचा अर्थ काय होता, हे दोन्ही कळल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नसतो.

हे सगळं सुरू झालं टपालामुळे.

कॅन्सस राज्यातल्या कॉन्कॉर्डिया या लहानशा गावात हार्वी हॉलिंजर नावाचे गृहस्थ राहत. लोक त्यांना ‘पॉप’ म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जुनी कॉमिक्स घ्यायला-विकायला सुरुवात केली आणि पुढे छापील यादी काढून टपालाने देशभर माल पाठवू लागले. जुन्या अंकांचा असा धंदा करणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांचं नाव घेतलं जातं. तेव्हा कॉमिक म्हणजे पोरांनी वाचून टाकून द्यायची वस्तू. युद्धाच्या काळात तर रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत टनावारी अंक लगद्यात गेले. ‘ॲक्शन’चा तो पहिला अंक सुमारे दोन लाख छापला होता, त्यातल्या साधारण शंभर प्रती आज शिल्लक असाव्यात असं मानतात.

हॉलिंजर विकण्याआधी प्रत ‘मजबूत’ करून द्यायचे. कण्यावर, म्हणजे जिथे पिना मारलेल्या असतात त्या घडीवर, तपकिरी कागदी पट्टी चिकटवायची. मुखपृष्ठाच्या कडा आतून पट्ट्यांनी बांधायच्या. जादा पिना ठोकायच्या आणि मग दाबाखाली ठेवून अंक सपाट करायचा. आजचा संग्राहक हे ऐकून कपाळाला हात लावेल, कारण आज साधी चिकटपट्टी लावलेली दिसली तरी भाव कोसळतो. पण हॉलिंजरचं गणित त्यांच्या जागी चोख होतं. त्यांचं गिऱ्हाईक होतं वाचणारं पोर, आणि दहा हातांतून फिरूनही जो फाटत नाही तो अंक चांगला. दर्जा कशाला म्हणायचं हे वस्तू कशासाठी हवी यावर ठरतं, आणि १९४० साली ती वाचायला हवी होती. गंमत अशी की त्यांच्या हातची पट्टीबंद प्रत आता त्या पट्टीमुळेच ओळखू येते आणि काही हौशी मंडळी ती मुद्दाम शोधतात.

पुढे १९६० च्या दशकात लहानपणी ही कॉमिक्स वाचलेली मुलं मोठी झाली, नोकरीला लागली आणि हरवलेले अंक शोधू लागली. डेट्रॉइटमधले प्राध्यापक जेरी बेल्स यांनी सप्टेंबर १९६१ मध्ये ‘कॉमिकलेक्टर’ नावाचं पत्रक काढलं, त्यात जाहिरातीच जाहिराती: माझ्याकडे हे आहे, मला ते हवं आहे. १९६४ मध्ये ते मायामीच्या जी. बी. लव्ह यांच्या ‘रॉकेट्स ब्लास्ट’मध्ये मिसळलं. लव्ह यांना सेरेब्रल पाल्सी होती, तरीही वर्षानुवर्षं ते हे पत्रक चालवत राहिले आणि अख्ख्या देशाचा जुन्या कॉमिक्सचा बाजार त्यांच्या पानांवर भरत होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले हॉवर्ड रोगॉफ्स्की आणि रॉबर्ट बेल यांच्यासारखे डीलर मार्व्हलच्या अंकांत बारक्या जाहिराती देत. पैसे पाठवले की यादी घरी येई.

त्या याद्या बघण्यासारख्या असत. सायक्लोस्टाइल केलेले किंवा स्वस्तात छापलेले कागद, टाइपरायटरवर दाटीवाटीने बडवलेल्या ओळी. मालिकेचं नाव, अंकाचा क्रमांक, एक-दोन अक्षरं आणि किंमत. चित्र नाही, वर्णन नाही. एकेक प्रतच असल्यामुळे ‘पहिली पसंती विकली गेली असेल तर याऐवजी काय पाठवू, तेही लिहा’ अशी सूचना हमखास. वरच्या कोपऱ्यात कुठेतरी एक ओळ: वेगळं लिहिलं नसेल तर सर्व अंक ‘गुड’ किंवा त्याहून बरे. आज जुनी यादी हातात आली तर आधी ती ओळ शोधावी, खालच्या शंभर किमतींचा अर्थ तिच्यावर टांगलेला असतो.

ती एक-दोन अक्षरं म्हणजे दर्जा. गिऱ्हाईक दीड हजार मैलांवर, माल बघायची सोय नाही, पैसे आधी पाठवायचे. अशा वेळी डोळ्यांचं काम शब्दाला करावं लागतं. कॉमिकवाल्यांनी हे शब्द नाण्यांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारातून उचलले. खालून वर चढत गेलं तर पुअर, फेअर, गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, निअर मिंट आणि मिंट. नव्या माणसाची फसगत होते ती इथेच. ‘गुड’ वाचून तो खूश होतो. या शिडीवर गुड ही खालून तिसरी पायरी आहे. आजच्या दहा गुणांच्या मापात गुड म्हणजे दोन! अंक पूर्ण आहे, वाचता येतो, पण घड्या पडल्या आहेत, कणा झिजला आहे, कोपरे गोल झाले आहेत, क्वचित एखादा छोटा तुकडा गेलेला आहे. ‘व्हेरी गुड’ला चार, ‘फाइन’ला सहा, ‘व्हेरी फाइन’ला आठ, ‘निअर मिंट’ला ९.४.

शब्द ठरले, तरी ते लावणारा कोण? स्वतः विकणारा. आंबेवाल्याने स्वतःच पेटीवर ‘अव्वल’ लिहावं तसाच प्रकार. काही डीलर कमालीचे काटेकोर होते, त्यांचं ‘फाइन’ दुसऱ्याच्या ‘मिंट’हून सरस निघे. काहींच्या लेखी मुखपृष्ठ जागेवर असलं की झालं मिंट. म्हणून मुरलेले संग्राहक दर्जा वाचताना आधी यादी कुणाची आहे ते बघत.

किमतींचंही तेच. १९६५ मध्ये हॉलिवूडमधल्या आर्गोसी नावाच्या पुस्तकाच्या दुकानाने एक छोटी किंमतपुस्तिका काढली होती, पण बाजार तिच्या मागे गेला नाही. ते घडवलं रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी. टेनेसी राज्यातल्या क्लीव्हलंड गावचे हे गृहस्थ मुळात नाण्यांचे आणि जुन्या बाणांच्या दगडी टोकांचे शौकीन. नाण्यांच्या छंदात वर्षाला निघणारं किंमतपुस्तक असतं, कॉमिक्सचं का नसावं, असं त्यांच्या डोक्यात आलं. डीलरांच्या याद्या आणि जाहिराती जमवून, त्यातले आकडे ताडून त्यांनी १९७० मध्ये ‘कॉमिक बुक प्राइस गाइड’ची पहिली आवृत्ती काढली. किंमत पाच डॉलर, पहिली छपाई एक हजार. वर सांगितलेले ३०० डॉलर त्यातलेच. तेव्हापासून बाजारात ‘गाइड’ म्हटलं की ओव्हरस्ट्रीटच.

गाइड डीलरांच्या याद्यांवरून तयार झालं, आणि दुसऱ्या वर्षापासून डीलर गाइड बघून याद्या लिहू लागले. मग त्या याद्या पुढच्या गाइडसाठी पुरावा झाल्या. हे चक्र इतकं घट्ट बसलं की किंमत ही जणू छापील दरासारखी ठरीव गोष्ट झाली. आता विकणाऱ्याला भाव वाढवायचा असेल तर तो काय करणार? गिऱ्हाइकाच्या हातातही गाइड आहे, तो आकडा दाखवेल. दर हलत नाही, मग दर्जा हलवायचा. व्हेरी फाइन प्रत निअर मिंट म्हणून विकली की गाइडला धक्का न लावता किंमत वाढते. तोच डीलर तुमच्याकडून तीच प्रत घेताना तिच्यावरची प्रत्येक रेघ भिंगाखाली बघून फाइन म्हणणार. माझ्या मते या छंदाचा पन्नास वर्षांचा अर्धाअधिक इतिहास एवढ्यातच आहे: दर यादीत गेला आणि घासाघीस दर्जात शिरली.

सुरुवातीला यातून फार बिघडत नव्हतं, कारण खालच्या आणि वरच्या दर्जाच्या किमतींत अंतरच थोडं होतं. अंक मिळणं महत्त्वाचं, तो किती कोरा आहे ही पुढची गोष्ट. हे अंतर रुंदावायला बऱ्याच अंशी एक कोलोरॅडोचं घर कारण झालं. डेन्व्हरमधले व्यावसायिक चित्रकार एडगर चर्च यांनी अनेक वर्षं नवी कॉमिक्स विकत घेऊन घरात गठ्ठे रचून ठेवली होती. कोरडी हवा, अंधार, वरच्या गठ्ठ्यांचा दाब. १९७७ मध्ये चक रोझान्स्की या तरुण डीलरने तो सगळा संग्रह घेतला तेव्हा आतून हजारो अंक असे निघाले की कालच छापून आले असावेत. पानं पांढरी, शाई चकचकीत. गाइडच्या सगळ्यात वरच्या रकान्यातही ते बसेनात. रोझान्स्कींनी गाइडच्या पटीत भाव लावले, लोकांनी बोटं मोडली आणि मग विकतही घेतले. सर्वोत्तम प्रतीचा बाजार हा वेगळाच बाजार आहे हे त्या संग्रहाने शिकवलं. रोझान्स्कींच्या दुकानाच्या नावावरून त्या संग्रहातल्या अंकाला ‘माइल हाय’ प्रत म्हणतात, आणि ते नाव ऐकलं की आजही लोक कान टवकारतात.

दर्जा ठरवताना नेमकं बघतात तरी काय? पहिली नजर कण्यावर. अंक उघडताना पिनांच्या आसपास बारीक आडव्या रेषा उमटतात. रेषेवर रंग उडून पांढरा कागद दिसू लागला की गुण जास्त कापले जातात, नुसता दबलेला असेल तर कमी. पानं मागे दुमडून वाचायची सवय असलेल्या घरातल्या अंकाचा कणा वळतो आणि पहिलं मुखपृष्ठ मागच्याच्या पुढे सरकतं. मग कोपरे, कडा, पिनांवरचा गंज आणि तो कागदात उतरला आहे का, मधलं पान पिनांतून सुटलं आहे का. पूर्वी वर्गणीदाराला अंक उभा दुमडून पाठवत, ती मधोमध पडलेली घडी आयुष्यभर राहते. दुकानदाराने मुखपृष्ठावर मारलेला तारखेचा शिक्का मात्र सहसा माफ असतो, उलट काहींना तो आवडतो.

कागद हा वेगळा विषय. कॉमिक्स छापली जात वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल वाढतं आणि शेवटी पान ठिसूळ होऊन कडेने तुकडे गळू लागतात. म्हणून पानांचा रंग वेगळा नोंदतात: पांढरा, मळकट पांढरा, साईसारखा, तपकिरी, आणि सगळ्यात शेवटी ठिसूळ. बाहेरून देखणा अंक आतून कुरकुरीत निघाला की त्याचं काही खरं नाही.

आणि मोजायला विसरू नये अशी गोष्ट म्हणजे पानं. ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक, नोव्हेंबर १९७४ चा, वुल्व्हरिनच्या पहिल्या पूर्ण कथेमुळे प्रसिद्ध आहे. त्या काळात मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून वहीत चिकटवायचे छापील स्टॅम्प दिले होते. पोरांनी कंपनीने सांगितलं तसंच केलं, कात्री घेतली आणि कापलं. आज त्या अंकाचं मुखपृष्ठ आरशासारखं असलं तरी आत ती चौकोनी खिडकी सापडली की किंमत कोसळते. जुन्या याद्यांत ‘कूपन नाही’ असा शेरा दिसला तर तो याच जातीचा, आणि तो न लिहिणारे डीलर होतेच.

डागडुजीही अशीच. मुखपृष्ठावर जिथे रंग उडाला तिथे पेनने किंवा रंगाने भरणं, फाटलेल्या जागी दुसऱ्या कागदाचा तुकडा बसवणं, कडा कापून सरळ करणं. एके काळी हे उजळ माथ्याने चालत असे, नटवलेली प्रत नटवलेली म्हणून अभिमानाने विकली जाई. मग बाजाराचं मन फिरलं. दुरुस्त केलेली प्रत मूळच्या तितक्याच देखण्या प्रतीच्या मानाने फारच स्वस्तात जाऊ लागली. त्यामुळे डागडुजी सांगण्याऐवजी लपवण्याकडे कल वाढला.

विकणाराच परीक्षक असण्याचा हा घोळ शेवटी २००० साली निस्तरायला घेतला तो सीजीसी म्हणजे सर्टिफाइड गॅरंटी कंपनीने. तुम्ही अंक पाठवायचा, त्यांचे एकाहून अधिक परीक्षक तो पानं मोजून तपासणार, दहापैकी गुण देणार आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवणार. निळं लेबल म्हणजे साधी प्रत, जांभळं म्हणजे डागडुजी केलेली. परीक्षक स्वतः कॉमिक्सचा धंदा करत नाही. पायऱ्या एकूण पंचवीस, ०.५ पासून १० पर्यंत. खाली त्या बहुतेक अर्ध्या गुणाच्या अंतराने चढतात, पण नऊच्या वर दाटी होते: ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९.

या आकड्यांनी काय केलं हे ‘ॲक्शन’च्या त्याच पहिल्या अंकावरून दिसतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ८.० गुणांची प्रत दहा लाख डॉलरना गेली, कॉमिकसाठी एवढी रक्कम पहिल्यांदाच मोजली जात होती. पुढच्याच महिन्यात ८.५ ची प्रत १५ लाखांना. अर्ध्या गुणाला पाच लाख डॉलर! नोव्हेंबर २०११ मध्ये ९.० ची प्रत साडेएकवीस लाखांच्या वर गेली. ही अभिनेता निकोलस केजची, २००० साली त्याच्या घरातून चोरीला गेलेली आणि २०११ मध्ये सापडलेली. ऑगस्ट २०१४ मध्ये दुसरी ९.० ची, पांढऱ्या पानांची प्रत बत्तीस लाखांना. आणि एप्रिल २०२४ चे ते ६० लाख ८.५ च्या प्रतीला मिळाले. म्हणजे दर्जा कमी, किंमत जवळजवळ दुप्पट, कारण मधे दहा वर्षं गेली. किंमत, दर्जा आणि साल ही तीन बोटं एकत्र धरली तरच तुलना पकडीत येते.

सीजीसीने भांडण मिटवलं असं मात्र नाही. ते एक पायरी पुढे सरकलं. दोन शेजारच्या पायऱ्यांमध्ये मोठी रक्कम असेल तर लोक ती पायरी चढायचा प्रयत्न करणारच. उष्णता, ओलावा आणि दाब वापरून मुखपृष्ठावरचे खड्डे आणि रंग न उडालेल्या घड्या सपाट करता येतात, याला प्रेसिंग म्हणतात. सीजीसी ते डागडुजीत धरत नाही. त्यामुळे पेटी फोडायची, प्रेस करायचं, पुन्हा पाठवायचं आणि ९.४ चा ९.६ करून आणायचा हा राजरोस व्यवसाय झाला आहे. (हॉलिंजरही दाबाखाली ठेवतच होते म्हणा!) पेटीतली प्रत बदलून लेबल तसंच ठेवण्याचे प्रकारही झाले आणि सीजीसीने २०२४ मध्ये ते जाहीरपणे मान्य करून संशयित पेट्यांची यादी दिली.

मग जुन्या यादीचं आज करायचं काय? ती टाकाऊ अजिबात नाही, फक्त काय विचारायचं ते माहीत हवं. १९६६ च्या यादीतला ‘मिंट’ आजच्या मापाने बरेचदा व्हेरी फाइन किंवा त्याहून खालचा निघतो, कारण तेव्हा कण्यावरच्या रेषा मोजायची पद्धत नव्हती. यादीतली किंमत ही मागितलेली असते, मिळालेली नव्हे. न विकलेला माल महिनोन्‌महिने त्याच यादीत फिरत राही. एकाच डीलरच्या लागोपाठ दोन-तीन याद्या मिळाल्या तर एखादा अंक पुढच्या यादीतून गायब झालेला दिसतो, तो मात्र बऱ्यापैकी पुरावा. कशाला जास्त मागितलंय हेही बोलकं असतं. साठच्या दशकाच्या मध्यावर स्पायडरमॅन नवा होता, चार वर्षांपूर्वी बारा सेंटला मिळालेला. मान होता तो चाळीसच्या दशकातल्या नायकांना.

आता तर गाइडच्या जुन्या आवृत्त्यांनाही भाव आहे आणि त्यांच्या किमती दर्जावारीने गाइडमध्येच छापल्या जातात.

आपल्याकडे असं वेड इंद्रजाल कॉमिक्सभोवती आहे. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली, मराठीतही निघत होती, आणि वेताळ म्हटल्यावर कवटीची अंगठी आठवणारी पिढी आज पैसे बाळगून आहे. पण तिच्यासाठी ओव्हरस्ट्रीटसारखं सर्वमान्य पुस्तक नाही, त्यामुळे सगळा व्यवहार १९६३ च्या अमेरिकेसारखा चालतो: विकणारा सांगेल तो दर्जा. ‘कंडिशन चांगली आहे’ यावर समाधान मानू नका. कण्याचा, पिनांचा, मधल्या पानाचा आणि मागच्या कव्हरचा फोटो मागवा, पानं मोजून घ्यायला सांगा, कोडी सोडवलेली किंवा काही कापलेलं आहे का ते विचारा. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत राहिलेल्या प्रतीच्या पिना गंजलेल्या असतात, तो गंज कागदात किती पसरला ते बघून भाव करा. आणि घरातल्या पेटीत असे अंक सापडले तर चिकटपट्टी आधी दूर ठेवा.